पाय पडल्यावर म्हणायचा शब्द

सेनगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेल्या लेकरांना इंग्रजी येतं का, हा प्रश्न कोणी विचारू नये. पण एक शब्द त्यांतल्या प्रत्येकाला येतो, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. सॉरी. उशीर झाला तर दारात उभं राहून सॉरी, वही विसरली तर सॉरी, शेजारच्याच्या पाठीत गुद्दा घालायचा असेल तर आधी गुद्दा आणि मग सॉरी. हा शब्द मी दर वर्षी शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात शिकवतो. मन लावून, उच्चारासकट शिकवतो. जिथं म्हणायला पाहिजे होता तिथं मी स्वतः तो बारा वर्षं म्हटला नाही, हे शिकवण्याच्या आड कधी आलं नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. आमचा जिल्हा परभणी. त्या काळात सॉरी हा शब्द आमच्या गावात शाळेत आणि सिनेमाच्या पडद्यावर, एवढ्या दोनच ठिकाणी ऐकू यायचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो असा पसरला की आमच्याकडं सोयाबीनसुद्धा इतक्या झपाट्यानं पसरलं नाही.

गावात एसटीडीचा बूथ आला तेव्हा तो फोनवरून आला. नंबर चुकीचा लागला तरी आमची माणसं आधी पाऊसपाणी विचारत, मग गाव विचारत, आणि शेवटी आपण कोण म्हणून विचारत. पलीकडचा शहरातला माणूस 'सॉरी' म्हणून फोन ठेवून देई. त्यामुळं सॉरी म्हणजे 'आता ठेवा', अशी बऱ्याच जणांची समजूत होती. मग जीपवाल्यांनी तो उचलला. आत बारा माणसं कोंबल्यावर तेराव्याला मागच्या दांडीवर लटकवायचं आणि म्हणायचं, 'सॉरी काका, जरा घट धरा.' सोयरिकीतही तो शिरला. पूर्वी मुलगी पाहून गेलेल्यांचा नकार येत नसे. नुसतं येणंजाणं थांबायचं आणि माणसं काय ते समजून घ्यायची. आता मध्यस्थ ओसरीवर बसून पाणी पिता पिता सांगू लागला, 'पाहुण्याकडून सॉरी आलं.' जशी काही ती साडीचोळीसारखी पाठवायची वस्तू होती. वसमतला एका लग्नात दुसऱ्या पंगतीला भात संपला. मुलीच्या मामानं हात जोडून सॉरी म्हटलं आणि बसलेली माणसं चक्क उठली. दहा वर्षं आधी अशा वेळी पत्रावळी उडाल्या असत्या. हिंगोलीच्या दवाखान्यात मात्र डॉक्टर बाहेर येऊन हाच शब्द म्हणाला की बायका हंबरडा फोडत. तिथं कोणाला अर्थ विचारावा लागत नसे.

त्याच्या आधी गावात कोणाचं चुकतच नव्हतं असं नाही. चुकायचं. पण ते तोंडानं म्हणायची चाल नव्हती. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि शेजारचा वावरवाला धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका पेरणीला आमची तिफण मोडली. शेजाऱ्यानं न मागता आपली तिफण आमच्या धुऱ्यावर आणून ठेवली आणि तोंड फिरवून निघून गेला. झालं, मिटलं. आईचं चुकलं की ती तव्यावरची पहिली भाकर ज्याला बोलली असेल त्याच्या ताटात टाकायची. दसऱ्याला आपट्याचं पान हातावर ठेवलं की बारा महिन्यांचं बारीकसारीक फिटून जायचं.

कोणाच्या नावाला बट्टा लागला असेल तर मात्र या सगळ्यानं भागत नसे. त्याला एकच रीत होती. ज्या पारावर, ज्या माणसांपुढं बोललास, तिथंच उभं राहून शब्द परत घ्यायचा. रीत सगळ्यांना माहीत होती. वापरलेली मी तोवर पाहिली नव्हती.

दर वर्षी दिवाळी झाली की एक मेंढपाळ आमच्या वरच्या वावरात मेंढरं बसवायचा. आईच्या माहेरच्या बाजूचा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. नातं असं काही नव्हतं. रिकाम्या वावरात मेंढरं मुक्कामाला बसली की लेंड्यांचं खत होतं. त्याच्या बदल्यात आम्ही ज्वारी द्यायची. कागद नाही, बोलणं नाही. मामा, मामी आणि दीडशे मेंढरं एका सकाळी नाल्याच्या पलीकडं दिसायची, की दिवाळी संपली असं आम्ही धरायचो.

मेंढरं बसलेली असताना एक गोष्ट सगळे पाळत. पिकावर औषध मारलं की मेंढक्याला निरोप धाडायचा. औषध दिसत नाही. वास वाऱ्यानं जातो आणि धुऱ्यावरचं गवत हिरवं ते हिरवंच राहतं. मेंढक्याची नजर कितीही तयार असो, तिथं त्याला दुसऱ्याच्या शब्दावरच चालावं लागतं.

त्या वर्षी दादानं खालच्या वावरातल्या तुरीवर अळीचं औषध मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली तसा तो गोठ्यातून म्हणाला, "जाता जाता मामाला सांग. तुरीला औषध मारलंय. आठ दिवस धुऱ्याकडं मेंढरं जाऊ देऊ नको म्हणावं."

"बरं."

"ध्यानात राहील का?"

"सांगतो म्हणलं ना, दादा."

त्या दिवशी शाळेची तपासणी होती. साहेब येणार होते. मी पांढरी पँट घातली होती. घरात इस्त्री नव्हती, तांब्यात विस्तव घालून आईनं ती पहाटे कडक करून दिली होती. नाल्याशी आलो. पाणी घोट्याच्या वर होतं आणि दोन्ही काठांना काळा चिखल. पलीकडं मामाच्या तळावर धूर दिसत होता, मामीचा चहा चालला असणार. हाक मारली असती तर कदाचित ऐकू गेली असती. पण साहेबाच्या दिवशी सकाळी सकाळी शाळेच्या सरांनी नाल्याकाठी उभं राहून बोंबलणं मला बरं दिसेना. मी पँटीकडं पाहिलं. संध्याकाळी सांगू, म्हटलं, आणि सायकल सडकेला लावली.

विसरलो, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. विसरलो नव्हतो. खरं तर ही एक ओळ लिहायलाच मी बसलो होतो, आणि बघा, तिच्यापर्यंत येताना वाटेत एसटीडी, जीप आणि वसमतचा भात किती कामाला आले.

तपासणी चांगली झाली. साहेबांनी माझ्या वर्गाच्या शेऱ्यात 'नीटनेटके' असा शब्द लिहिला.

संध्याकाळी गावात शिरलो तर पारावर माणसं जमलेली. दुपारी खालच्या धुऱ्यावर मामाची नऊ मेंढरं पडली होती. तोंडाला फेस आला, पाय झाडले आणि बघता बघता गेली. कोणी ताक पाजा म्हणालं, कोणी मिठाचं पाणी, मामीनं दोन्ही पाजलं होतं. पारावर पोलीस पाटील बसले होते, दादा होता, आणखी आठ-दहा जण होते. मामा खाली काठी धरून उभा होता. त्याच्या धोतरावर फेस वाळलेला होता.

"मी निरोप धाडला होता," दादा सांगत होता.

"मला कोणाचाबी निरोप आला न्हाई," मामा म्हणाला. "आला असता तं मी धुऱ्याला मेंढरं कशाला घातली असती? माही लेकरं हायत ती."

तेवढ्यात मी सायकलवरून उतरलो. पोलीस पाटलांनी तिथूनच विचारलं, "बरं झालं आले. सर, तुमी याला सांगितलं का न्हाई?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दादानंही पाहिलं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "सकाळीच."

मामा माझ्याकडं वळला. "कव्हा, मास्तर?"

"जाताना. तुमी मेंढरं मोकळी करून राहिले होते."

"मी तं तळावरच होतो. तुमी दिसले न्हाई मला."

"मान हलवली ना तुमी."

मान हलवली, हे मी का जोडलं ते आजही सांगता येत नाही. खोट्याला तपशील लागतो हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते आपसूक आलं. इंग्रजीसुद्धा मला इतक्या सहज कधी आलं नाही.

"मामा, सर कशाला खोटं बोलतील?" पोलीस पाटील म्हणाले. "त्याईचं काय जाते यात?"

कोणी तरी म्हणालं, "म्हातारपण हाय. सुदरत नसल."

मामा तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. तो माझ्याकडं पाहत राहिला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. हरवलेली वस्तू शोधणाऱ्या माणसासारखा तो आपल्याच डोक्यात कुठं तरी बघत होता. मग म्हणाला, "असल. सांगितलं असल."

माझ्या अंगावर तीच पँट होती. घोट्यापाशी चिखलाचा ठिपकासुद्धा नव्हता. नाला उतरल्याशिवाय तळावर जाता येत नाही, हे पारावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी खाली पाहिलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते आणि माझ्या तोंडाला गावात चांगलं नाव होतं.

मामाला कोणी गावातून काढलं नाही. आम्ही तशी माणसं नाही. पुढच्या वर्षी त्याला बोलावणं गेलं नाही एवढंच. 'निरोप ध्यानात न राहणारा मेंढका' असं म्हणत लोकांनी दुसरा कळप पाहिला. दादानं वरच्या वावरात शेणखत टाकलं आणि त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. मामा वाशिमच्या बाजूला जातो असं ऐकू आलं. नंतर त्यानं बरीच मेंढरं विकली असंही ऐकू आलं. मी ऐकत राहिलो. दर वर्षी शाळा उघडल्यावर फळ्यावर सॉरी लिहीत राहिलो. माझं लग्न झालं, लेकरं झाली, हिंगोली जिल्हा झाला. माझ्या अंगावरचं 'नीटनेटके' काही उतरलं नाही. गावात दोन भावांत भांडण झालं की लोक मला बोलवायचे. "सर, तुमी सांगा. तुमचा शब्द दोघंबी ऐकतात." मी जायचो आणि एकाला दुसऱ्याला सॉरी म्हणायला लावायचो. हातखंडा होता माझा त्यात.

बारा वर्षं अशी गेली. मग एकदा सेनगावहून हिंगोलीला एसटीनं चाललो होतो. गाडी भरलेली. एका थांब्यावर एक म्हातारा चढला. गाडीनं हिसका दिला तसा त्याचा पाय माझ्या पायावर पडला.

"सॉरी सर," म्हातारा म्हणाला.

मी वर पाहिलं. मामा होता. त्यानं मला ओळखलं ते नंतर. आधी नुसते पँट-शर्ट पाहून सर म्हणाला होता.

"अरे, मास्तर व्हय? जाड झाले तुमी." तो मोकळा हसला. "दादा बरे हायत का?"

"बरे हायत."

"मायबी?"

"आई गेली, मामा. चार वर्षं झाली."

"च्च. लई साधी बाई होती." तो दांडीला धरून झुलत होता. "तो शब्द मला नातीनं शिकवला. पाणी सांडलं, सॉरी. धक्का लागला, सॉरी. दिवसातून शंभर डाव म्हणते पोरगी. मलाबी सवय लागली."

माझ्या पायाला काहीही लागलं नव्हतं. त्यानं मात्र चूक केली आणि श्वास घ्यायच्या आत सॉरी म्हणून मोकळा झाला. पुसेगावच्या अलीकडं एक फाटा आहे, तिथं आपलं घर आहे असं सांगून तो तिथंच उतरला. खिडकीतून मला हात केला.

आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. बायकोला वाटलं पित्त झालं. रविवारी मी त्या फाट्यावर उतरलो. मामाचं घर दोन खोल्यांचं, पुढं काटेरी कुंपणाचा वाडा, त्यात तीसेक मेंढरं. लेक राखतो, आपण नुसतं मागून चालतो, असं तो म्हणाला. त्यानं बाज टाकली. सुनेनं चहा आणला. मी बशीत ओतला, प्यायलो, बशी खाली ठेवली. मग ज्याची बारा वर्षं तयारी केली होती ते बोललो.

"मामा, ते मेंढरायचं. सॉरी."

"कोणत्या मेंढरायचं?"

"आमच्या धुऱ्यावरच्या. नऊ पडली ना, त्या वेळचं. मी निरोप सांगितला नव्हता."

मामानं कानामागं हात धरला नाही की काही नाही. ऐकू नीट आलं होतं. तरी त्यानं विचारलं, "सांगितलाच न्हवता?"

"न्हाई."

"मग मान हलवली, ते?"

"तुमी मला दिसलेच न्हाई. मी नाल्याच्या अलीकडूनच गेलो. पँट खराब होईल म्हणून."

"पँट," तो म्हणाला.

तो वाड्याकडं वळून बसला. एक मेंढी कुंपणाला अंग घाशीत होती. मग हळूहळू सांगू लागला. माझ्याकडं पाहून नाही, मेंढीकडंच पाहून. "मला तं आठवत न्हवतं. लई आठवलं मी. रात्री रात्री आठवलं. पण घरची म्हणे, सर कशाला खोटं बोलल, तुमालाच ध्यान राहत न्हाई. मग मलाबी वाटाया लागलं, सांगितलं असल अन् आपणच मान हलवून विसरलो. मग पुढं कोणी काय सांगितलं तं मी दोनदोन डाव विचारू लागलो. लोक हसायचे. मनावरचा भरोसाच गेला. इतक्या मेंढरायच्या मागं अशा डोक्यानं कसं फिरावं माणसानं? म्हणून इकली. घरची गेली गेल्या साली. जाईस्तोवर म्हणायची, औषधाची गोळी घेतली का, तुमाला ध्यान राहत न्हाई."

नऊ मेंढरं मी धरून होतो. त्याच्या डोक्याचं काय झालं, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"मामा, सॉरी," मी परत म्हणालो.

आता त्यानं माझ्याकडं पाहिलं. "सर, एक इचारू का? त्या दिशी गाडीत माहा पाय तुमच्या पायावर पडला. तव्हा मी काय म्हणलं?"

"सॉरी."

"मग पायाला जे, तेच ह्यालाबी? याच्याहून मोठा न्हाई का एखादा? तुमी तं तेच शिकवता."

मला दोन-तीन येत होते. पण ते फक्त लांब होते, मोठे नव्हते.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग मराठीत बोला. हितं न्हाई. जिथं बोलले होते तिथं."

पुढच्या रविवारी सकाळी मी मामाला मोटारसायकलवर बसवून गावात आणलं. पारावर पाच-सहा माणसं होती. त्या दिवशीचे काही जण वर गेले होते, पण पोलीस पाटील होते. थकले होते, आवाज तोच होता. दादाला मी सांगून ठेवलं होतं की पारावर ये, काम आहे. काय काम ते सांगितलं नव्हतं. मामा बारा वर्षांपूर्वी उभा होता तिथंच, खाली, काठी धरून उभा राहिला. मी म्हटलं, वर बसा. तो बसला नाही.

मी घसा साफ केला आणि बोललो. इंग्रजीचा एक शब्द मध्ये येऊ दिला नाही. म्हणालो, "मागं मामाची नऊ मेंढरं पडली, तव्हा मी हितं सांगितलं होतं की मी निरोप दिला. मी दिला नव्हता. मी खोटं बोललो. मामा खरं सांगत होता."

आत कुठं तरी मोकळं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात पोलीस पाटलांनी मान डोलावली.

"पाहा," ते बाकीच्यांना म्हणाले. "याला म्हणतात शिकलेला माणूस. म्हाताऱ्याच्या नावावरचा डाग पुसावा म्हणून स्वतःवर घेऊन राहिले."

"पाटील, मी खरं सांगून राहिलो," मी म्हणालो.

"व्हय, व्हय, सर."

"स्वतःवर घेत न्हाई मी. माहंच चुकलं होतं. मी नाला ओलांडलाच न्हाई."

"आता कोण असं म्हणते आजकाल?" दुसरा एक जण म्हणाला. "भाऊ भावाला म्हणत न्हाई. तुमचं मन मोठं हाय, सर."

"अरे मन मोठं न्हाई. मी खोटं बोललो."

"बसा, सर, बसा. मामा, तुमीबी बसा आता. सर एवढं म्हणून राहिले तं. चहा सांगा रे."

जेवढा जोर लावून सांगत होतो तेवढा मी त्यांच्या डोळ्यांत वर चढत होतो. चहा आला. मला कपबशीतून आणि मामाला पेल्यातून. दादा कडेला बसला होता. तो चहा प्यायला नाही.

मामा मात्र हसत होता. आवाज न करता, खांदे हलवून. मोटारसायकलकडं चालताना म्हणाला, "आता कळलं का, सर? आपण खरं बोलावं अन् माणसायनं नुसती मान हलवावी, ते कसं लागते?"

"कळलं."

"बराबर. चला, सोडा मला. ऊन होऊन राहिलं."

"पण मामा, त्याईनं तं मानलंच न्हाई. तुमचं नाव..."

"त्याईचं जाऊ द्या. मी मानलं ना. माहं डोकं ठीक होतं, एवढं मला कळलं." मागं बसता बसता तो म्हणाला, "घरचीला कळाया पायजे होतं. पण तिला तुमी कोणत्या पारावर गाठता?"

त्याला सोडून मी दुपारी घरी आलो. दादा ओसरीवर बसला होता. मी समोर बसलो. त्याच्याशी खोटं बोललो होतो तेही बारा वर्षं जुनंच होतं.

"दादा, तू तरी मानतोस का न्हाई?"

"मला त्याच दिशी कळलं होतं," दादा म्हणाला.

"काय?"

"तुझी पँट साफ होती. मायलाबी कळलं होतं. दुसऱ्या दिशी धुवाया काढली अन् तशीच घडी घालून ठेवली. धुण्यासारखं काय होतं तिच्यात?"

"मग बोलला काहून न्हाईस?"

त्यानं तंबाखू चोळायला घेतली. "घरात एक सर होता," तो म्हणाला. "दुसरा कुठून आणला असता?"

मला राग यायला पाहिजे होता, पण कोणावर काढावा ते कळेना. म्हणजे पारावर त्या दिवशी माझ्या एकट्याच्याच नाही, दादाच्याही तोंडाला कुलूप होतं आणि किल्ली एकट्या माझ्याजवळ आहे असं मी एवढी वर्षं समजत होतो.

दादा सॉरी म्हणाला नाही. त्याला तो शब्द येत नाही असं नाही, त्याचीही नातवंडं माझ्याच शाळेत आहेत. दिवाळी जवळ आली तेव्हा त्यानं वरच्या वावरात टाकायला आणलेल्या खताच्या पिशव्या उचलून खालच्या वावरात नेल्या. मग मला म्हणाला, "मामाला म्हणावं, वरचं वावर रिकामं हाय."

"तूच जाऊन सांग ना."

"न्हाई. निरोप तुझ्याकडं दिला."

मी गेलो आणि सांगितला. मामा आला. तीसच मेंढरं, खताच्या नावानं चिमूटभर. गावानं पाहिलं आणि सरांच्या मोठ्या मनाचं आणखी एक उदाहरण म्हणून नोंद करून घेतलं. त्याला माझा इलाज नाही.

तो मुक्कामाला होता तेवढे दिवस मी रोज सकाळी शाळेला जाताना नाल्याशी उतरायचो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, चपला हातात घ्यायच्या आणि पलीकडं जायचं. एक दिवस औषध मारलं होतं ते सांगितलं आणि पुढचे आठ दिवस धुरा बंद म्हणून सांगितलं. बाकीचे दिवस सांगण्यासारखं काही नसायचं. तरी जायचो.

"मामा, आज औषध मारलं न्हाई. धुऱ्याकडं जाऊ द्या मेंढरं."

तो मेंढरं मोकळी करत असायचा. हात थांबवायचा, वळायचा, माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं एकदा पाहायचा.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"बराबर," म्हणायचा आणि मला दिसेल अशी मान हलवायचा.